स्वखुशीने राजीनामा

आधी एक खुलासा. ज्या नातेवाइकांना मी ह्या ब्लॉगचा पत्ता दिलाय आणि जे "छान लिहितेस गं, मावळातल्या पावसावर अजून लिही" असं सांगत असतात, त्यांना आजचं लिखाण फारसं आवडणार नाही. आज पाऊस नाही, इंद्रायणी नाही, भजी तर नाहीतच. आज ऑफिस. इतकी वर्षं ऑफिसबद्दल लिहायचं टाळलं, कारण आपल्यातले निम्मे ब्लॉगवाले आयटीतलेच आणि दिवसभर जे भोगायचं तेच रात्री परत वाचायचं म्हणजे शिक्षाच की! पण गेले काही महिने डोक्यात एकच शब्द घोळतोय, तो एकदा बाहेर काढून टाकते. तो शब्द म्हणजे 'राजीनामा'.

तुमच्या लक्षात आलंय का, की आपल्या आयटीत कुणाला कामावरून काढत नाहीत? शेकड्यांनी माणसं एका महिन्यात घरी जातात, पण काढलेला एकही नसतो. सगळे आपण होऊन जातात. सगळ्यांना एकाच आठवड्यात अचानक 'वैयक्तिक कारण' उद्भवतं. कारखान्यात कामगार कपात होते, सरकारी नोकरीत निलंबन होतं, आमच्याकडे फक्त राजीनामे होतात. आणि माझं म्हणणं असं आहे, की आयटीतल्या मॅनेजमेंटचा जो काही खोटेपणा आहे (बराच आहे, पुढे येईलच), त्याचं मूळ ह्या एका खोट्या कागदात आहे. आणि तो कागद ते लिहीत नाहीत, आपण लिहितो.

हे होतं कसं ते आयटीबाहेरच्या मंडळींसाठी सांगते. माझ्या कंपनीचं नाव घेत नाही, कशी आहे तेही सांगत नाही. मोठी आहे एवढं पुरे. तिथला माझा एक सहकारी, त्याला आपण क्ष म्हणू. चौदा वर्षं एकाच कंपनीत. रात्री दोनला क्लायंटचा सर्व्हर पडला की ज्याला फोन लावायचा तो माणूस. एका मंगळवारी त्याला कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची मीटिंग आली. विषय काय, तर 'कनेक्ट'. खोली दुसऱ्या मजल्यावरची, जिथे आमच्या प्रोजेक्टचं कुणी जात नाही. आत एचआरची एक मुलगी (वय पंचवीस-सव्वीस, तिचाही बिचारीचा दोष नाही), शेजारी एक साहेब जे क्षला आयुष्यात पहिल्यांदा भेटत होते, आणि टेबलावर त्याचाच लॅपटॉप उघडून ठेवायला सांगितलेला. 'तुझ्या स्किलसेटला सध्या मागणी नाही. आज पोर्टलवर राजीनामा टाकलास तर तीन महिन्यांचा पगार आणि स्वच्छ रिलिव्हिंग लेटर. नाही टाकलास तर आम्हाला टर्मिनेट करावं लागेल आणि ते रेकॉर्डवर राहील. विचार करायला वेळ? अर्धा तास घे.'

पोर्टलवर राजीनाम्याचं कारण निवडायला एक यादी येते. चांगली संधी, उच्च शिक्षण, लग्न, स्थलांतर, प्रकृती, वैयक्तिक. क्ष मला नंतर म्हणाला, "मी ती यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. 'तुम्ही सांगताय म्हणून' असा पर्याय कुठे दिसेना." शेवटी त्याने 'वैयक्तिक' निवडलं. चार वाजता ओळखपत्र जमा, सव्वाचारला गेटबाहेर. आम्हाला संध्याकाळी मेल आला, की क्षने कंपनीबाहेर नवीन संधी शोधण्याचा निर्णय घेतला आहे, त्याला शुभेच्छा. कुणीतरी खाली अंगठाही टाकला.

हा काही एका कंपनीचा आगाऊपणा नव्हे. जुनी मंडळी आठवत असतील, जुलै २०१७ मध्ये टेक महिंद्रामधली एक फोनची रेकॉर्डिंग सगळीकडे फिरली होती. कंपनीचं मुख्यालय आपल्या पुण्यातच. एचआर कर्मचाऱ्याला सांगतेय, की उद्या सकाळी दहापर्यंत राजीनामा दे, नाही तर टर्मिनेशन. तो बिचारा विचारतोय, निदान थोडा वेळ तरी द्याल का. ते ऐकून इतका गहजब झाला की खुद्द आनंद महिंद्रांनी जाहीर माफी मागितली. चांगलं केलं, मोठ्या मनाने केलं. पण माफी मागितली गेली ती त्या बोलण्याच्या पद्धतीची. बोलायची पद्धत सुधारली, हे मला मान्य आहे. आता 'कनेक्ट' म्हणतात, पाण्याची बाटली ठेवतात, समुपदेशकाचा नंबर देतात. राजीनामा तोच.

मग २०२५ चा जुलै. टीसीएसने जाहीर केलं की दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करणार, त्यातही मधल्या आणि वरच्या पातळीवरची जास्त. त्याच्या महिनाभर आधी त्यांचा नवा नियम आला होता: वर्षातले २२५ दिवस क्लायंटला ज्याचं बिल लावता येईल अशा कामावर असलंच पाहिजे, आणि बेंचवर जास्तीत जास्त ३५ दिवस. (घरच्यांसाठी: बेंच म्हणजे एक प्रोजेक्ट संपून दुसरा मिळेपर्यंतचा रिकामा काळ.) आता मला सांगा, प्रोजेक्ट आणणं हे कोडिंग करणाऱ्याच्या हातात असतं का? क्लायंट गाठायला सेल्सवाले, करार करायला साहेब, माणसं नेमायला आणखी तिसरेच. त्या तिघांचं गणित चुकलं की पस्तीस दिवसांचं घड्याळ सुरू होतं ते चौथ्याचं. शेतमालाला भाव मिळाला नाही म्हणून गड्याची मजुरी कापावी, तसं हे. सप्टेंबर २०२५ संपताना कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे माणसं १९,७५५ ने कमी होऊन ५,९३,३१४ वर आली होती. ह्यात आपखुशीने गेलेलेही असणार, नाही कशाला म्हणू. पुण्यातल्या 'नाइट्स' ह्या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून सांगितलं, की एकट्या पुण्यात सुमारे अडीच हजार जणांकडून जबरदस्तीने राजीनामे घेतले. कंपनी म्हणाली, हे साफ चुकीचं. आता खरं कुणाचं, हे ठरवायचं कसं? कागद बघायला गेलं तर प्रत्येक कागदावर 'स्वखुशीने' लिहिलेलं आणि खाली कर्मचाऱ्याची सही. बघा, कुठे येऊन पोचतो आपण.

क्षची हकिगत मी घरी जेवताना सांगितली. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो, पिंपरीतल्या एका मोठ्या कारखान्यातून निवृत्त झाले. तळेगाव स्टेशनवरून लोकलने तीस वर्षं पाळ्या केल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "काढायचं होतं तर त्यांनी काढायचं. ह्यानं कशाला सही केली?"

मी समजावू लागले. तात्या, तसं नसतं, रेकॉर्ड खराब होतं, पुढची नोकरी मिळत नाही, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन असतं. तर म्हणाले, "अगं पण त्यानं सही केली नसती तर त्यांना लेखी द्यावं लागलं असतं ना, का काढतोय ते?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाहीये.

तात्यांच्या पिढीचं नोकरीचं ज्ञान आपल्यापेक्षा किती पक्कं होतं हे मला उशिराच कळलं. त्यांच्याकडे दर तीन वर्षांनी करार व्हायचा. आधी युनियन मागणीपत्र द्यायची, मग गेटमीटिंगा, मग चार-सहा महिने ओढाताण, आणि एक दिवस करार झाला की घरी पेढे. माझ्या नवऱ्याला लहानपणी दिवाळी आणि करार हे दोनच सण माहीत होते :) किती रुपये वाढले, त्यातले मूळ पगारात किती, महागाई भत्त्यात किती, हे गल्लीतल्या प्रत्येकाला पाठ. आणि आम्ही? शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्याला पगार विचारायचा नाही, कारण तसं ऑफर लेटरमध्ये लिहिलेलं असतं! वर्षाच्या शेवटी एक आकडा मेलवर येतो, तो का आला हे विचारायचं नाही, आणि आला त्याबद्दल 'थँक यू' लिहायचं.

इथे वराळ्यात बसून हे लिहिताना दुसरं उदाहरण डोळ्यांसमोर येतंच येतं. इंद्रायणी ओलांडून आंबीकडून नवलाख उंब्र्याला गेलं की जनरल मोटर्सचा कारखाना होता. २००८ साली सुरू झाला, शेव्हर्लेची बीट तिथली. कंपनीने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणं बंद केलं, डिसेंबर २०२० ला निर्यातीचं उत्पादनही थांबवलं. कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्तीचं पॅकेज ठेवलं. आणि हजाराहून जास्त कामगारांनी सही करायला नकार दिला. आमच्या भागातली पोरं होती ती, आयटीआय केलेली, घरचे हप्ते त्यांनाही होते. युनियन कोर्टात गेली, धरणं झाली, उपोषणं झाली, वर्षानुवर्षं चाललं. पुढे कारखाना ह्युंदाईने घेतला, जानेवारी २०२४ मध्ये तो व्यवहार पुरा झाला आणि २०२५ पासून तिथून त्यांच्या गाड्या निघतात. लढणाऱ्यांना सगळं मिळालं असं मी म्हणत नाही. कारखाना काही त्यांच्यासाठी परत उघडला नाही. पण जगातल्या सगळ्यात बड्या मोटार कंपन्यांपैकी एकीला आमच्या मावळातल्या पोरांसमोर वकील उभे करावे लागले, सरकारच्या परवानगीसाठी अर्ज करावे लागले, कारण द्यावं लागलं. 'वैयक्तिक' ह्या शब्दावर तिला ते प्रकरण मिटवता आलं नाही.

आणि आम्ही इंजिनिअर लोक, एमटेक, एमसीए, अर्ध्या तासात सही करून मोकळे.

कुणी म्हणेल, त्यांना कायदा होता, तुम्हाला नाही. अर्धं खरं आहे. कारखाना बंद करायला किंवा मोठी कपात करायला सरकारची परवानगी लागायची ती कारखाने, खाणी आणि मळ्यांना, तीही शंभर कामगारांच्या वर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात तो शंभराचा आकडा तीनशे झाला. सॉफ्टवेअर कंपनीला हे कलम तेव्हाही नव्हतं, आताही नाही. पण कपात केली तर महिन्याची नोटीस आणि नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार ही तरतूद 'कामगार' ह्या व्याख्येत बसणाऱ्या प्रत्येकाला जुन्या कायद्यातही होती, नव्यातही आहे. क्षची चौदा वर्षं धरा. म्हणजे दोनशे दहा दिवस, साधारण सात महिन्यांचा पगार. त्याला देऊ केले तीन, आणि तेही उपकार म्हणून. राजीनाम्याची किंमत ही अशी रोख काढता येते. जबरदस्तीने घेतलेला राजीनामा हा राजीनामाच नव्हे, असं कोर्टात म्हणता येतं, पण जबरदस्ती झाली हे सिद्ध करायचं तुम्ही. त्या खोलीत साक्षीदार कोण? त्यांचेच दोघे.

आता कामगार कुणाला म्हणायचं हा प्रश्न, आणि इथे आपली खरी गंमत केली गेलीय. कायद्याच्या भाषेत कुशल काम, तांत्रिक काम, कारकुनी काम करणारा तो कामगार. मुख्यतः व्यवस्थापनाचं काम करणारा तो नव्हे. देखरेख करणाराही महिना १८,००० रुपयांच्या वर गेला की बाहेर. म्हणून आमच्याकडे कुणी साधा प्रोग्रामर राहतच नाही. पाच वर्षांत लीड, आठ वर्षांत मॅनेजर, मग कन्सल्टंट, मग काहीतरी आर्किटेक्ट. हाताखाली एक माणूस नाही, रजा मंजूर करायचा अधिकार नाही, स्वतःची खुर्ची बदलायची तर तिकीट टाकावं लागतं, पण हुद्दा मॅनेजर! लग्नपत्रिकेत छापायला बरा पडतो आणि कोर्टात कंपनीला बरा पडतो. २०१५ मध्ये चेन्नईच्या एका टीसीएस कर्मचाऱ्याला काढलं, तेव्हा कंपनीचं म्हणणं हेच होतं, की हा मॅनेजर पातळीचा, हा कामगारच नाही. तो सात वर्षं लढला. मधल्या काळात मिळेल ते काम करत राहिला. एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या कामगार न्यायालयाने निकाल दिला, की हुद्दा काहीही असो, हा माणूस करत होता ते काम तांत्रिक होतं, त्याला मागच्या पगारासह परत घ्या. हा निकाल आपल्यापैकी किती जणांनी वाचलाय? नव्या फोनचा रिव्ह्यू मात्र सगळ्यांनी वाचलेला असतो. असो.

तासांचंही असंच. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी आठवड्याला ७० तास कामाचा सल्ला दिला, जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष ९० वर गेले आणि वर घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असंही म्हणाले. (त्यांना कुणीतरी सांगा, की आमच्यासारख्या बायकाही त्याच वेळी ऑफिसात असतात. बघणार कोण कुणाकडे?) त्यावर सगळीकडे विनोद झाले, मीही हसले. पण हिशेब करून बघा. सत्तर तास सहा दिवसांत म्हणजे दिवसाला पावणेबारा तास. वराळ्याहून तळेगाव, सोमाटणे फाटा, देहूरोड, किवळे, मग हिंजवडी फेज तीन, हे पावसाळ्यात दीड-पावणेदोन तासांच्या खाली येत नाही. येऊन-जाऊन सव्वातीन-साडेतीन. म्हणजे पंधरा तास झाले. उरलेल्या नऊ तासांत झोपा, स्वयंपाक करा, मुलांचा अभ्यास घ्या, आणि सत्य-शिव-सुंदराचा शोधही घ्या. आणि हो, मूर्तींच्या इन्फोसिसचा जन्म १९८१ चा, आपल्या पुण्यातलाच. पटनी कॉम्प्युटर्समधल्या नोकऱ्या सोडून त्या मंडळींनी स्वतःचं काढलं. फार मोठं काम केलं, त्यात शंका नाही. स्वतःच्या कंपनीत सत्तर काय, शंभर तास काम करावंच माणसाने. पण मालकाचे तास आणि नोकराचे तास एका तराजूत कसे तोलायचे? त्यांना त्या तासांचे शेअर मिळाले. आपल्याला पिझ्झा.

कायद्यात काय आहे ते सांगू? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली, वरच्या प्रत्येक तासाला दुप्पट पगार. (सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नऊचे दहा तास करायला मंजुरी दिली.) दुप्पट पगाराचं सोडाच, आमच्या टाइमशीटमध्ये रोज आठाच्या वर आकडा टाकला तर तो लाल होतो आणि मॅनेजर परत पाठवतो, 'दुरुस्त करून भर'. क्लायंटशी करार आठ तासांचा ना! म्हणजे बारा तास काम केल्याचा पुरावाही आपल्याच हाताने खोडायचा. आणि ह्या कायद्यातूनही मॅनेजर, सुपरवायझर वगैरे मंडळी वगळलेली आहेत, म्हणजे पुन्हा तोच हुद्दा आडवा. वर कायदा असून तरी काय, हाही प्रश्न आहेच. २०२४ मध्ये पुण्यात एका बड्या हिशेबतपासनीस कंपनीतली सव्वीस वर्षांची मुलगी गेली, तिच्या आईने कामाच्या ताणाबद्दल लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. सरकारी अधिकारी तपासणीला गेले तर कळलं, की २००७ पासून चालू असलेल्या त्या ऑफिसची ह्या कायद्याखाली नोंदणीच नव्हती. सतरा वर्षं! आमच्या वराळ्यातल्या चहाच्या टपरीवाल्याला विचारा, त्याला किती महिने सोडतात ते.

बेल कर्व्हबद्दल थोडक्यात, नाही तर माझा आवाज चढेल. दहा जणांच्या टीममध्ये दहाही जणांनी उत्तम काम केलं तरी एकाला खालचं रेटिंग द्यावंच लागतं. मी टीम लीड म्हणून त्या बैठकांना बसलेय, म्हणून खात्रीने सांगते, की तिथे कामाची चर्चा होतच नाही. कोण बाळंतपणाच्या रजेवर होतं, कोण तसाही सोडणारच आहे, कोण वाद घालणार नाही, ह्याची होते. मी दोनदा लिहून कळवलं, की माझ्या टीमचा कर्व्ह होत नाही, दहा माणसांचा होतच नसतो, संख्याशास्त्रही तेच सांगतं. दोन्ही वेळा उत्तर आलं, 'नोटेड'. आणि ज्याला खालचं रेटिंग मिळालं, दोन वर्षांनी 'कनेक्ट' येतो तो त्यालाच. तेव्हा त्याला सांगतात, बघ, तुझा परफॉर्मन्सच असा.

आता नेहमीचे आक्षेप, कारण कॉमेंटमध्ये तेच येणार.

'कंपनी म्हणजे धर्मशाळा नव्हे.' मान्य. एकदम मान्य. धंदा कमी झाला, एआय आलं, अमेरिकेत मंदी आली, माणसं कमी करावी लागतात. करा. माझं भांडण काढण्याशी नाहीच. काढा, पण तुम्ही काढा. कागदावर लिहा, की आम्ही काढतोय, ह्या कारणासाठी काढतोय, हे घ्या तुमच्या हक्काचे पैसे. एवढंच करायला का लाज वाटते? कारण आकडा दिसेल. शेअरबाजाराला दिसेल, सरकारला दिसेल, कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला दिसेल. आपल्या सहीने तो आकडा झाकला जातो.

'नाही पटत तर नोकरी सोडा.' सोडायची तर नव्वद दिवसांची नोटीस! त्यांना नको झालो की चार वाजता गेटबाहेर, आपल्याला नको झाले की तीन महिने. आणि हे वाक्य बोलणारे काका स्वतः बँकेतून निवृत्त झालेत, ज्यांचा पगारकरार त्यांच्या युनियनने इंडियन बँक्स असोसिएशनशी भांडून केलेला आहे. काका, रागावू नका, पण तुमच्या पेन्शनमागे संप आहेत.

'युनियनने गिरण्या बुडवल्या.' हे तर पाठच आहे आपल्याला. १९८२ चा दत्ता सामंतांचा संप, अडीच लाख कामगार, आणि संपली मुंबई. त्या संपाच्या चुकांवर पुस्तकं लिहिली गेलीत, मी काही तज्ज्ञ नाही. पण गिरण्यांच्या जागेवर आज काय उभं आहे ते लोअर परळला जाऊन बघा आणि मग सांगा, की त्या जमिनीची मालकाला ओढ होती की नव्हती. आणि समजा एका संपाने चूक केली, म्हणून चाळीस वर्षांनी हिंजवडीतल्या मुलीने अर्ध्या तासात सही करायची?

'पण पगार बघ ना!' हं. दीड दशकापूर्वी मोठ्या कंपन्यांत नवीन पोराला वर्षाला सव्वातीन-साडेतीन लाख मिळायचे. आज किती मिळतात? जवळपास तेवढेच. त्या वेळी हिंजवडीत खोलीचं भाडं काय होतं आणि आज काय आहे, ते ज्याचं त्याने आठवावं. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने तर साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या, वाट बघत बसलेल्या मुलांना विचारलं, की साडेतीनवर येता का, लगेच घेतो. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसने म्हैसूरला तीनशेहून जास्त शिकाऊ मुलांना घरी पाठवलं, परीक्षेत तीन प्रयत्नांत पास झाले नाहीत म्हणून. त्यातल्या काहींना ऑफर मिळाल्यावर रुजू व्हायला दोन-दोन वर्षं थांबवलेलं होतं. दोन वर्षं वाट बघायला लावणाऱ्याने तीन परीक्षांवर हिशेब संपवायचा, ह्याला काय म्हणतात मला ठाऊक नाही. तात्यांच्या भाषेत म्हणतात तो शब्द ब्लॉगवर लिहिता येत नाही.

नातेवाइकांना मी ह्यात ओढतेय, कारण तेही त्या खोलीत असतात. क्षने सही का केली हे मी त्याला महिनाभराने विचारलं. हप्ता, रिलिव्हिंग लेटर हे सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "काढलं असं घरी सांगणार कसं? राजीनामा दिला असं सांगता येतं." त्याच्या सासुरवाडीला अजूनही माहीत नाही. आपण लग्नकार्यात पहिला प्रश्न 'पॅकेज किती' हा विचारतो ना, मावशी, त्या प्रश्नाचा कंपनीला फार उपयोग होतो. जीएमच्या पोराला गल्लीतले लोक विचारायचे, 'कोर्टात काय झालं?' आयटीच्या पोराला विचारतात, 'दुसरीकडे लागलास का?' ह्या दोन प्रश्नांतला फरक मला फार मोठा वाटतो.

तर ज्यांना कधी तो पंधरा मिनिटांचा 'कनेक्ट' येईल, त्यांच्यासाठी तात्यांशी आणि एका वकील मैत्रिणीशी बोलून जे समजलं ते लिहून ठेवते. त्या खोलीत पोर्टल उघडू नका. 'मला जे सांगायचंय ते मेलवर पाठवा, मी वाचून उत्तर देईन' एवढंच म्हणा आणि उठा. खोलीला कडी लावत नाहीत, बघितलंय मी. बाहेर आल्यावर काय बोलणं झालं ते तारीख-वेळेसह स्वतःच त्यांना मेल करा. ऑफिसचा मेल तासाभरात बंद होऊ शकतो, तेव्हा तो घरच्या पत्त्यावरही पोचवा. आपले अप्रेझलचे कागद आधीपासून जवळ ठेवा (कंपनीचा कोड किंवा क्लायंटची माहिती नव्हे, त्यावरून उलट तुम्हालाच धरतील). पुण्यात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे आणि तिथे आयटीवाल्यांचे अर्ज घेतात. संघटनेत नाव घालायला काही शे रुपये लागतात. तेवढ्यात आपण शुक्रवारी एक बर्गर खातो.

परवा भाच्याला ऑफर लेटर आलं. इथलाच, वराळ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा. घरात आनंदीआनंद, नणंदेने पुरणपोळ्या केल्या. रात्री मी आणि तात्या ते तेवीस पानी पत्र घेऊन बसलो. कंपनीने काढलं तर तीस दिवसांची नोटीस, त्याने सोडलं तर नव्वद. पगार कुणाला सांगायचा नाही. कामाचे तास 'धंद्याच्या गरजेनुसार'. तात्यांनी चष्मा पुसून ती नोटिशीची ओळ दोनदा वाचली आणि भाच्याला जवळ बोलावून त्यावर बोट ठेवलं. तो म्हणाला, "आजोबा, सगळ्यांचं असंच असतं हो. मामी, उद्या बारापर्यंत सही करून स्कॅन पाठवायचंय, तुझा प्रिंटर चालू आहे ना?"